बिनडोक माईक

'शिर सलामत तो पगडी पचास' असं आपल्याकडे म्हणतात. पगड्या पन्नास काय, पाचशे मिळतील, पण आधी डोकं जागेवर पाहिजे. या म्हणीला इतिहासात एक सणसणीत अपवाद आहे. तो माणूस नाही, कोंबडा आहे. नाव माईक, राहणार फ्रुटा, राज्य कोलोरॅडो, अमेरिका. सप्टेंबर १९४५ मध्ये त्याचं मुंडकं उडवलं गेलं आणि तो मेला मार्च १९४७ मध्ये. मधले अठरा महिने साहेब जगले, वजन वाढवलं, अर्धी अमेरिका फिरले आणि मालकाला दोन ट्रॅक्टर घेऊन देऊन मगच गेले.

हे वाचून 'फेकतोय' अशी पहिली प्रतिक्रिया येणं अगदी साहजिक आहे. ऑफिसात फॉरवर्ड होऊन येणाऱ्या शंभर मेल्सपैकी नव्व्याण्णव याच जातीच्या असतात. पण माईकचे फोटो आहेत. 'टाईम' आणि 'लाईफ' या मासिकांनी त्याच्यावर छापलं होतं, विद्यापीठातल्या लोकांनी त्याला तपासलं होतं आणि त्याचं नाव गिनेस बुकातही आहे. कोंबडा खरा होता. प्रश्न आहे तो 'कसा काय' हा. आणि मंडळी, खरी मजा त्या उत्तरात आहे, कारण ते शोधत गेलं की आपण कोंबडीच्या खुराड्यातून निघून थेट हॉस्पिटलच्या आयसीयूत पोचतो.

आधी गोष्ट सांगतो.

फ्रुटा हे कोलोरॅडोच्या पश्चिम टोकाचं, फळबागांवरून नाव पडलेलं छोटं गाव. तिथे लॉईड ओल्सेन आणि त्याची बायको क्लारा यांची शेती होती, कोंबड्या होत्या. १० सप्टेंबर १९४५ चा दिवस. जपानने शरणागतीच्या कागदावर सह्या करून जेमतेम आठवडा झाला होता. ओल्सेन कुटुंबाच्या पणतूने बीबीसीला २०१५ मध्ये सांगितलेल्या हकिकतीनुसार त्या दिवशी नवरा-बायको मिळून चाळीस-पन्नास कोंबड्या कापत होते. लॉईड कुऱ्हाड चालवायचा, क्लारा पुढची साफसफाई करायची. गावात आणखी एक चविष्ट आवृत्ती सांगतात: सासूबाई जेवायला येणार होत्या, त्यांना कोंबडीची मान फार आवडायची, म्हणून जावईबापूंनी मान जास्तीत जास्त शिल्लक राहावी असा वरच्या बाजूला घाव घातला. सासूबाईंची आवृत्ती कुणाला आवडणार नाही? पण दोन्हींत मुद्दा एकच, घाव नेहमीपेक्षा वर बसला.

साधारण साडेपाच महिन्यांचा, वायनडॉट जातीचा तो कोंबडा. मुंडकं गेल्यावर पळाला, यात नवल नाही, पण तो थांबेचना. लॉईडने त्याला सफरचंदाच्या एका जुन्या खोक्यात टाकून व्हरांड्यात ठेवलं आणि झोपायला गेला. सकाळी येऊन बघतो तर कोंबडा जिवंत. लॉईड बाकीचा माल विकायला गावात गेला तेव्हा यालाही गाडीत घालून घेऊन गेला आणि 'माझ्याकडे डोक्याशिवायचा जिवंत कोंबडा आहे' म्हणून लोकांशी बिअरच्या पैजा लावू लागला. पैजा अर्थातच जिंकला.

आता जरा थांबू. मुंडकं तुटल्यावर कोंबडी पळते हे आपल्यासाठी नवीन नाही. चिकनच्या दुकानासमोर रविवारी सकाळी रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाने त्या निळ्या पिंपातला धडधडाट ऐकलेला असतो. माणसाला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. रोमन बादशहा कोमोडस (हो, 'ग्लॅडिएटर' सिनेमातला तोच) आखाड्यात शहामृगांवर चंद्रकोरीच्या आकाराच्या पात्याचे बाण सोडायचा. मान उडालेली शहामृगं जणू काही झालंच नाही अशी पुढे पळत राहायची, असं त्याच्याच काळातला इतिहासकार हेरोडियन लिहून गेलाय. आपल्याकडे तर यासाठी खास शब्दच आहे: कबंध. महाभारतातल्या युद्धाच्या वर्णनांत रणांगणावर कबंधं उठून नाचतात. आणि रामायणातल्या कबंध राक्षसाला डोकं नाही, तोंड थेट पोटात. म्हणजे 'डोकं नसतानाही धड चालू राहतं' ही कल्पना दोन्हीकडे होती. नव्हतं ते फक्त स्पष्टीकरण.

ते मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९११ मध्ये ग्रॅहम ब्राऊन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडला, पायांकडून येणाऱ्या संवेदनाही बंद केल्या, तरी चालण्याची एक-दोन, एक-दोन लय मज्जारज्जू स्वतःच्या स्वतः तयार करू शकतो. थोडक्यात, पाय कसे टाकायचे याचा कोड मेंदूत नाही, खाली मज्जारज्जूत लिहिलेला आहे. मेंदू नुसता 'चालू कर', 'बंद कर', 'डावीकडे वळ' असे कॉल देतो. मुंडकं उडालं की वरून येणारा लगामही जातो आणि खालचं लूप मोकाट सुटतं. पिंपातली फडफड ती हीच. रक्तात आणि स्नायूंत शिल्लक असलेल्या इंधनावर ती काही सेकंद, फार तर एखाद-दोन मिनिटं चालते आणि संपते.

पण एखाद-दोन मिनिटं वेगळी आणि अठरा महिने वेगळे. फडफडायला मज्जारज्जू पुरतो, जगायला पुरत नाही. जगायला दोन गोष्टी लागतात. एक, रक्त वाहून जाता कामा नये. दोन, श्वास चालू राहिला पाहिजे.

पहिली गोष्ट नशिबाने जमली. मानेतली मुख्य रक्तवाहिनी कुऱ्हाडीतून वाचली आणि वेळेत गुठळी बसून रक्त थांबलं. दुसरी गोष्ट मात्र नुसत्या नशिबाची नाही. श्वास घ्यायची ऑर्डर सुटते कुठून? याचं उत्तर माईकच्या सव्वाशे वर्षं आधी पॅरिसमध्ये सापडलं होतं.

तिथे लगालुआ नावाचा डॉक्टर सशांवर प्रयोग करत होता. १८१२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. प्रयोग वाचवत नाही असा आहे, पण पद्धत आपल्या ओळखीची आहे. प्रोग्रॅम कुठल्या ओळीवर क्रॅश होतोय हे शोधायला आपण एकेक ओळ कॉमेंट करत जातो, तसा तो पुढच्या बाजूने मेंदूच्या चकत्या काढत मागे सरकत गेला. मोठा मेंदू काढला, श्वास चालू. लहान मेंदू काढला, श्वास चालू. शेवटी जिथे मेंदू मज्जारज्जूला मिळतो त्या लंबमज्जेतल्या एका छोट्या भागापाशी आला, तो कापला आणि श्वास तिथल्या तिथे थांबला. त्याने उलटी बाजूही तपासली. डोकं कापलेल्या सशाच्या फुप्फुसात बाहेरून हवा भरत राहिलं, तर धड काही काळ जिवंत ठेवता येतं हे त्याने दाखवलं. व्हेंटिलेटरचा शोध लागायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

त्याच्यानंतर फ्लोराँस आला. त्याने कबुतरं घेतली. १८२४ मध्ये त्याने लिहिलं की मोठा मेंदू काढलेलं कबुतर नीट उभं राहतं, हवेत भिरकावलं तर उडतं, चोचीत दाणा आत घातला तर गिळतं. पण समोर दाण्यांची रास ठेवली तरी स्वतःहून खात नाही. पुढे लगालुआची ती छोटीशी जागा फ्लोराँसने आणखी नेमकी केली आणि तिला नाव दिलं 'जीवनगाठ'. १८९२ मध्ये गोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने मोठा मेंदू काढलेल्या एका कुत्र्याची हकिकत प्रसिद्ध केली. ते कुत्रं झोपायचं, उठायचं, चालायचं, गुरगुरायचं. ते जगलं अठरा महिने. माईकइतकंच!

म्हणजे १९४५ साली फ्रुटाच्या व्हरांड्यात जे घडलं ते शास्त्राच्या दृष्टीने चमत्कार नव्हतंच. प्रयोगशाळेत मुद्दाम केलेली गोष्ट एका शेतकऱ्याच्या कुऱ्हाडीने चुकून केली, एवढंच.

आणि ती कोंबड्याच्या बाबतीत चुकून होऊ शकते, याला कारण पक्ष्याच्या कवटीचा आराखडा. माणसाचा मेंदू डोळ्यांच्या वर आणि मागे भला मोठा पसरलेला. कोंबडीचं तसं नाही. तिच्या डोक्याची पुढची बरीचशी जागा दोन मोठाले डोळेच खातात. मेंदू मागे, मानेच्या बाजूला, तिरपा बसवलेला. त्यामुळे घाव वरच्या बाजूला आणि तिरका बसला तर चोच, चेहरा, डोळे सगळं जातं, पण मेंदूचा मागचा भाग मानेला चिकटून राहतो. माईकचा एक कानही शिल्लक होता. न्यूकॅसल विद्यापीठातले टॉम स्मल्डर्स कोंबड्यांच्या मेंदूचे तज्ज्ञ आहेत. त्यांनी बीबीसीला सांगितलेला अंदाज असा की माईकचा मेंदू वजनाने ऐंशी टक्क्यांपर्यंत शाबूत असावा. हृदयाचे ठोके, श्वास, भूक, पचन बघणारा सगळा विभाग जागेवर.

ऐंशी टक्के! म्हणजे बघा, आपण मराठीत मूर्खाला 'बिनडोक' म्हणतो. माईक शब्दशः बिनडोक होता, पण बिनमेंदूचा अजिबात नव्हता. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस उपटून नेले आणि सीपीयू टेबलाखाली घरघरत राहिला, असा तो प्रकार.

पण मॉनिटर-कीबोर्ड नसलेल्या मशिनला लॉग-इन करायला कुणीतरी लागतंच. फ्लोराँसच्या कबुतराला निदान चोच होती. याला तीही नाही. मग ओल्सेन ड्रॉपरने त्याच्या उघड्या अन्ननलिकेत दूध-पाणी सोडायचा, मक्याचे बारीक दाणे टाकायचा. घशात चिकट स्राव साठून श्वास अडायचा, तो दर थोड्या वेळाने सिरिंजने ओढून काढावा लागायचा. एवढ्यावर माईक अडीच पौंडांचा जवळजवळ आठ पौंड झाला, म्हणजे सव्वा किलोच्या आतला कोंबडा साडेतीन किलोच्या वर. उंच दांडीवर तोल सांभाळून बसायचा. नसलेल्या चोचीने पिसं साफ करू बघायचा. आरवायचाही, पण आवाज यायचा नुसता गुरगुर असा.

बातमी पसरली आणि दोन-तीन आठवड्यांत होप वेड नावाचा एक खेळवाला साल्ट लेक सिटीहून फ्रुटाला येऊन थडकला. त्याने कोंबडा बघून ओळखलं की हा पैसा आहे. आधी माईकला युटा विद्यापीठात नेऊन तपासून घेतलं, म्हणजे कुणी 'बनवाबनवी' म्हणायला नको. मग 'लाईफ'मध्ये फोटो आले. मग दौरा. जत्रेतल्या तंबूत पंचवीस सेंट तिकीट. जोरात असताना महिन्याला साडेचार हजार डॉलर मिळायचे असं सांगतात. शेजारी बरणीत एक कोंबड्याचं मुंडकं ठेवलेलं असायचं. ते माईकचं नव्हतं म्हणे. माईकचं मांजराने खाल्लं होतं.

इथे दोन बाजू आहेत आणि मला दोन्ही खऱ्या वाटतात. पहिली म्हणजे ओल्सेन कुणी खलनायक नव्हता. घोडा आणि खेचर जुंपून शेती करणारं ते घर. माईकच्या पैशातून त्यांनी दोन ट्रॅक्टर, गवताच्या गाठी बांधायचं यंत्र आणि १९४६ ची एक शेवरोले पिकअप घेतली. ऐन सुगीत शेतावर परत जावं लागलं तेव्हा कोंबडा वेडच्या हवाली करून ते पीक काढायला गेले. त्यांना तो नशिबाने दिलेला बोनस वाटला असेल तर मी त्यांना नावं ठेवणार नाही.

दुसरी बाजू त्यांच्या टपालात होती. क्लाराने पत्रं चिकटवून एक वही केली होती. त्यातली काही गमतीची होती. पण एका पत्रात ओल्सेन नवरा-बायकोची तुलना नाझींशी केली होती. १९४५-४६ मध्ये हा शब्द काय वजनाचा होता ते वेगळं सांगायला नको. आपल्याला ते अति वाटेल. पण वरचा ऐंशी टक्क्यांचा आकडा पुन्हा आठवा. 'डोकंच नाही तर त्याला काय कळतंय' हे म्हणणं पंचवीस सेंट देऊन तंबूत शिरणाऱ्यासाठी फार सोयीचं होतं. तंबूबाहेर 'बिनमुंडक्याचा कोंबडा' असं लिहिलं की रांग लागते. 'चेहरा तोडलेला, आंधळा, पण बराचसा मेंदू जागा असलेला कोंबडा' असं लिहिलं असतं तर किती जणांनी तिकीट काढलं असतं? गोष्ट तीच. शब्द बदलला की चमत्काराची जखम होते.

शेवट तसा साधा झाला. मार्च १९४७, ॲरिझोनातलं फिनिक्स, मोटेलची खोली. रात्री माईक गुदमरतोय या आवाजाने ओल्सेन जागा झाला. सिरिंज शोधू लागला, तर ती खेळाच्या ठिकाणीच राहिलेली. दुसरं काही हाताशी लागेपर्यंत माईक गेला होता. कुऱ्हाडीने मेला नाही तो कोंबडा, मेला घशातल्या चिकट पाण्याने. लॉईड कित्येक वर्षं लोकांना 'मी तो विकला' असंच सांगत राहिला. फ्रुटा गाव मात्र त्याला विसरलं नाही. १९९९ पासून तिथे माईकच्या नावाने उत्सव होतो.

आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

फ्लोराँसची ती जीवनगाठ, माईकचा वाचलेला भाग, याला आज आपण ब्रेनस्टेम म्हणतो. मेंदूचा देठ म्हणा हवं तर. १९९४ मध्ये आपल्या संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला आणि त्यात मृत्यूची एक नवी व्याख्या आली: ब्रेनस्टेमची सर्व कार्यं कायमची आणि परत न येण्याजोगी थांबणं. सुरुवातीला हा कायदा ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, तिसरं हिमाचल प्रदेश. म्हणजे मृत्यूची ही व्याख्या देशात सर्वांत आधी ज्यांनी स्वीकारली, त्यांत आपण आहोत.

ब्रेनस्टेम मृत झालेला पेशंट दिसतो कसा? माईकच्या बरोब्बर उलटा. चेहरा जिथल्या तिथे. अंग गरम. व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होतेय, मॉनिटरवर हृदयाचे ठोके दिसतायत. झोपलाय असं वाटावं. पण बुबुळांवर टॉर्च मारला तर ती हलत नाहीत, घशात नळी हलवली तर ठसका नाही, आणि व्हेंटिलेटर बाजूला करून थांबलं तर स्वतःचा एकही श्वास नाही. चार डॉक्टरांचं मंडळ या चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करतं, मगच सही होते. कोमातला पेशंट वेगळा. त्याचा ब्रेनस्टेम जिवंत असतो, काही जण त्यातून परतही येतात. हा दुसरा पेशंट परत येत नाही.

बाहेर बसलेल्या आई-बापाला, बायकोला, भावाला हे सांगितलं जातं तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. कसा बसणार? डोळ्यांना दिसतंय की छाती हलतेय. आपली सगळी समजूत डोळ्यांवर चालते. चेहरा आहे म्हणजे माणूस आहे, मुंडकं नाही म्हणजे कोंबडा मेला. फ्रुटाच्या लोकांनी ज्या कारणाने पैजा हरल्या, त्याच कारणाने आयसीयूबाहेरचा माणूस 'अजून दोन दिवस थांबू' म्हणतो. त्याचं चुकतं असं मी म्हणत नाही. पण ते दोन दिवस थांबताना दुसरीकडे कुणीतरी किडनीची, लिव्हरची वाट बघत असतं, आणि अवयव अनंत काळ टिकत नाहीत.

म्हणून ही माहिती त्या खुर्चीत बसायची वेळ यायच्या आधीच असलेली बरी. घरी एकदा, चांगल्या दिवशी, जेवताना विषय काढा. आपलं काय करायचं ते सांगून ठेवा. अवयवदानाचा फॉर्म भरायचा असेल तर भरा आणि भरल्याचं घरच्यांना सांगा, कारण ऐन वेळी विचारतात ते त्यांनाच. विषय जड वाटला तर सुरुवात माईकपासून करा. कोंबड्याची गोष्ट कुणीही ऐकतं.

फक्त जेवणात चिकन असेल तर जरा थांबून.